न अडखळणारा हात

मिरजेतल्या त्या इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात, कुणालाच शीर सापडेनाशी झाली की एकच हाक जायची, "मगदूम सिस्टरना बोलवा." मग केतकी मगदूम अर्ध्या डब्यावरून उठून यायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि पेटीतल्या त्या मूठभर जिवावर वाकायची. मोठमोठे डॉक्टर गुमान बाजूला सरकायचे. ती काही जादू करत नव्हती. उलट बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ तीच लावायची. सुई आत जाताना कुठंतरी तिचा हात आपला आपणच अडायचा, केसभर मागं यायचा आणि मग पुढं जायचा. का अडला म्हणून विचारलं तर ती म्हणायची, "हाताला कळतं." यापलीकडं तिलाही काही सांगता यायचं नाही.

आता असल्या बाईला त्रेचाळिसाव्या वर्षी पियानो शिकायची अवदसा का आठवावी? तर त्याचं कारण अगदी साधं होतं. लेक शिकायला बेंगळुरूला गेली आणि घर खायला उठलं. नवरा अभिनंदन दिवसभर दुकानात. नर्सिंग शिकत असताना केतकीच्या होस्टेलच्या भिंतीपलीकडं चर्च होतं आणि रविवारी सकाळी तिथं कुणीतरी पियानोवर बसायचं. ती कपडे वाळत घालता घालता ऐकत उभी राहायची. आत जाऊन बघायचं धाडस कधी झालं नाही. आयुष्यभर हात दुसऱ्यांसाठी चालवला, आता थोडा स्वतःसाठी चालवावा, असं तिला वाटलं. यात तिचं काय चुकलं?

शिकवायला होत्या सालोमी आढाव. वय पंचाहत्तरीच्या पुढं, सुती साडी, पायात बारा महिने लोकरीचे मोजे. मिरजेतल्या तीन पिढ्यांना त्यांनी पियानो शिकवलेला. घरातला पियानोही त्यांच्याच वयाचा, त्याच्या दोन पट्ट्या तर कधीच्या मुक्या झालेल्या. बाईंची शिकवण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी. त्या स्वतः वाजवून दाखवायच्या नाहीत की चूक सांगायच्या नाहीत. डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसायच्या आणि चुकलं की म्हणायच्या, "थांबा."

केतकीचे हात थांबायचे.

"कुठं चुकलं?"

"माहीत नाही, बाई. तुम्हीच सांगा की."

"मी सांगून काय उपयोग? चूक तुमची. ती तुम्हालाच सापडायला हवी. घ्या पहिल्यापासून."

असं तीन महिने चाललं. तीन महिन्यांत एका गाण्याच्या दोन ओळी, त्याही लंगडत. केतकी घरी येऊन पर्स आदळायची. "दिवसभर वॉर्डात चूक होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून वावरायचं," ती अभिनंदनला म्हणाली, "आणि संध्याकाळी मुद्दाम वेळ काढून चुका करायला जायचं. कुणी सांगितलंय हे?"

अभिनंदनचं दुकान इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं. नवीन काही आलं की पहिल्यांदा घरात यायचं. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी एक चपटं खोकं घेऊन आला.

"आता मास्तर कोण ठेवतं गं?" तो म्हणाला. "ही बघ बाही."

बाही म्हणजे काय, ते एव्हाना गावाला माहीत झालं होतं. मिरजेतले शिंपी ती घालून शिवत होते, ड्रायव्हिंग स्कूलवाले शिकाऊंना घालत होते, लग्नाच्या मोसमात मेंदी काढणाऱ्या पोरी तर तिच्याशिवाय घराबाहेर पडत नव्हत्या. दोन्ही हातांना कोपरापर्यंत मऊ कापडाच्या दोन बाह्या आणि डोक्याला मागून बसणारी एक पातळ पट्टी. एवढाच काय तो सरंजाम.

आतली करामत समजून घ्यायची तर आधी आपला हात कसा शिकतो ते बघायला हवं. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, आपला लहान मेंदू असतो. हात हलण्याआधीच तो अंदाज बांधतो, की आता बोट इथं पडेल, असा आवाज येईल, एवढा दाब लागेल. प्रत्यक्षात तसं झालं नाही तर त्या मेंदूला एक चुटपुटता इशारा जातो, की काहीतरी बिनसलं. त्या इशाऱ्यासरशी पुढचा अंदाज किंचित बदलतो. पुन्हा चूक, पुन्हा इशारा, पुन्हा बदल. सायकल काय, पोळी लाटणं काय, पियानो काय, सगळं आपण असंच शिकतो. म्हणून तर शिकायला वर्षं लागतात आणि म्हणूनच शिकताना जीव नकोसा होतो. तो इशारा मुळी सुखाचा नसतोच.

बाहीनं हा वळसाच काढून टाकला. बोट हलायच्या आधी हाताच्या स्नायूंत विजेची बारीक लहर उठते. ती बाहीला कळते. बोट चुकीच्या पट्टीकडं निघालंय असं दिसलं की बाही स्वतःची लहर सोडते आणि बोटाला वाटेतच योग्य पट्टीवर वळवते. माणसाला वाटतं, मीच वाजवलं आणि बरोबर वाजवलं. तरीही बिनसल्याचा तो इशारा उठलाच, तर डोक्यावरची पट्टी त्याला तिथंच दाबून टाकते, कारण त्यानं लय तुटते. मग उरतं ते फक्त बरोबर. हात पहिल्या दिवसापासून बरोबरच करतो आणि तेच त्याच्या अंगवळणी पडतं. जाहिरातीत म्हटलं होतं, चुकीशिवाय शिक्षण.

केतकी दोन दिवस त्या खोक्याकडं नुसती बघत राहिली. बाईंना सोडायचं म्हणजे कृतघ्नपणा, हे तिला कळत होतं. बाही घालायची म्हणजे जरा लबाडी, हेही कळत होतं. तिसऱ्या दिवशी, नुसतं बघूया तरी म्हणून, तिनं बाही चढवली आणि लेकीच्या जुन्या की-बोर्डसमोर बसली. तीन महिने लंगडणाऱ्या त्या दोन ओळी तिच्या बोटांतून सरळ वाहत गेल्या. पाठोपाठ तिसरी ओळ आली, चौथी आली, गाणं पुरं झालं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अभिनंदन दारात उभा होता, त्यालाही भरून आलं.

तिनं बाईंना निरोप पाठवला, ड्युटी बदलली आहे, काही दिवस जमणार नाही. बाईंचं उत्तर आलं, "बरं. हात धुतल्यावर कोरडे करत जा. थंडीत बोटं फुटतात." ते वाचून केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळी बाही चढवली की त्याचाही विसर पडायचा.

दिवाळीला पाहुणे आले तेव्हा ती बाहीशिवाय वाजवू लागली होती. नणंदेनं तोंडात बोटं घातली. बाहीबरोबर फोनवर एक आकडा यायचा, 'अडखळ'. सुरुवातीला तो बराच मोठा होता, मग घसरत घसरत शून्यावर आला आणि तिथंच राहिला. अभिनंदन दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते शून्य कौतुकानं दाखवायचा.

आणि मग एका रविवारी सकाळी चहा सांडला.

सांडला म्हणजे काय, ती ओततच राहिली. कप इकडं आणि धार तिकडं. चहा कट्ट्यावरून ओघळला, फरशीवर आला, तिच्या पायाला लागला.

"अगं, चहा," अभिनंदन पेपरमधून डोकं काढून म्हणाला. "काय करतीस?"

"काय करतीय?"

ती धारेकडंच बघत होती. दिसत सगळं होतं. पण यात काही चुकतंय असं आतून कुणी सांगतच नव्हतं. पातेलं काढून घेतलं ते अभिनंदननं. मग दोघं हसली, वय झालं म्हणाली, फडकं फिरवलं. त्याच आठवड्यात तिनं युनिफॉर्मची बटणं एक घर सोडून लावली आणि तशीच वॉर्डात गेली. सहकारी नसीम मुजावरनं कोपऱ्यात ओढून ती नीट केली. एरवी बटण चुकलं की बोटांनाच कळतं. त्यासाठी आरशात बघावं लागत नाही.

त्याच सुमारास मेट्रन कोरे मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम खुशीत होत्या. व्यवस्थापनानं ठरवलं होतं, की नव्या सिस्टरना शिरा शोधायला शिकवायला बाह्या घ्यायच्या. बाळाला सुई लावणं शिकायला पोरींना चार-चार वर्षं जातात, तोवर बाळांचे हाल. बाही असली की आठवड्यात शिकतील. मात्र बाहीत भरायला एक हात हवा, नमुन्याचा, म्हणजे त्याच्याच हालचाली बाही पोरींना शिकवील.

"तुझा हात भरायचा म्हणतायत," मॅडम म्हणाल्या. "कंपनीचे सलगरे येणार आहेत सोमवारी. तुझे पियानोचे आकडे त्यांनी आधीच बघितलेत म्हणे, भलतेच खूश आहेत. आपल्याकडून पुढं सगळ्या जिल्ह्यात जाईल बघ तुझा हात."

केतकीला आनंद झाला, नाही कशाला म्हणा. अभिनंदननं पेढे वाटले.

त्यानंतर दोनच दिवसांनी 'बेबी ऑफ सुजाता' वॉर्डात आलं. त्या वॉर्डात बाळांना नावं नसतातच, आईच्या नावानंच ओळखतात. हे बाळ मालगावकडच्या बाईचं, सातव्या महिन्यात झालेलं, त्वचा अशी पातळ की आतलं सगळं दिसावं. दोघीतिघींनी प्रयत्न केले. मग हाक गेली.

वॉर्डाचा एक नियम होता, बऱ्याच वर्षांचा. एकीनं फक्त दोनदा टोचायचं. दोनदा चुकलं की मुकाट्यानं सुई दुसरीच्या हातात द्यायची, मग समोर कितीही मोठी सिस्टर असो. नियम चांगला होता आणि पाळलाही जायचा. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. चुकलं हे टोचणारीला कळतं, ही ती गोष्ट.

नसीमनं बाळाचा पंजा खालून उजेड टाकून धरला. केतकीनं सुई लावली. कुठंही न अडखळता, एका दमात.

"लागली," ती म्हणाली. "सलाईन दे."

तिनं पिचकारीतलं थोडं पाणी आत ढकललं. आणखी थोडं ढकललं.

"ताई," नसीम म्हणाली.

"लागलीय गं."

"ताई, थांबा. हात बघा बाळाचा."

केतकी बघतच होती. मनगट फुगलं होतं, पांढरं पडत चाललं होतं. हजारदा पाहिलेली खूण. शीर सुटलीय, पाणी मांसात जातंय. पुस्तकातलं वाक्यसुद्धा तिला आठवलं. पण तिचा अंगठा ढकलत होता आणि तिला सगळं अगदी ठीक वाटत होतं. शेवटी नसीमनं तिचं मनगट धरून बाजूला केलं, तेव्हा कुठं तो अंगठा थांबला.

बाळ रडलंसुद्धा नाही. तेवढी ताकद त्याच्यात नव्हती.

केतकी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. भीती बाळाची नव्हती, डॉक्टर धावून आले होते, ते सांभाळतील हे तिला माहीत होतं. आणि झालंही तसंच, सूज उतरली, मनगटावर एक काळपट डाग तेवढा राहिला. ती भ्याली ते वेगळ्याच गोष्टीला. नसीम तिथं नसती तर? तर ती ढकलत राहिली असती. आणि शांतपणे म्हणाली असती, लागली.

घरी येऊन तिनं कंपनीला फोन लावला. गोड आवाज होता, माणसाचा की यंत्राचा ते कळत नव्हतं.

"मला चूक कळत नाही हो," केतकी म्हणाली. "फक्त पियानोवरच नाही. कुठंच."

"आपली अडखळ शून्य आहे, मॅडम. मनःपूर्वक अभिनंदन. हा अपेक्षित परिणाम आहे. सतत दाबलेला इशारा काही काळानं उठायचा बंद होतो. आमच्या उत्तम शिकणाऱ्यांत हे दिसतं."

"तो परत कसा आणायचा?"

"परत हवा अशी मागणी आजवर कुणी नोंदवलेली नाही, मॅडम."

"का नाही नोंदवली? कुणाला त्रास झाला नाही?"

"तसं कुणी कळवलेलं नाही."

केतकीनं फोन ठेवला. कळवणार कसं, तिच्या मनात आलं. ज्याला बिनसल्याचं कळतच नाही तो तक्रार कसली करणार? आणि मग तिच्या डोळ्यांपुढं शिंपी आले, मेंदीवाल्या आल्या, बाही घालून गाडी शिकलेली ती पोरं आली, जी रोज तिच्या शेजारून सुसाट जात होती. सगळ्यांच्या फोनवर ते शून्य. तिनं दाराची कडी लावली, ती लागली की नाही हे डोळ्यांनी बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं.

तिनं अभिनंदनला सांगितलं. तो म्हणाला, "सोमवारचं होऊन जाऊ दे. मग बघू डॉक्टरला दाखवून. आत्ता बोललीस तर नोकरी जाईल, केतकी. वॉर्डात कोण ठेवील?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं बाही काढून खोक्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आढावबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाईंनी काही विचारलं नाही. "या," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून आपल्या जागी बसल्या. केतकीनं सगळं सांगितलं. बाही, निरोपातला खोटेपणा, चहा, बाळ. बाई ऐकत होत्या.

"वाजवा बघू," त्या म्हणाल्या. केतकीनं ते बाहीवर शिकलेलं गाणं वाजवलं, आणि ते निर्दोष होतं. बाईंनी मान हलवली. मग कपाटातून लहान मुलांचं एक पुस्तक काढलं, अगदी पहिल्या इयत्तेचं, आणि मधलंच एक पान उघडून समोर ठेवलं. "हे वाजवा."

केतकीनं वाजवलं. सोपंच होतं. शेवटचा सूर वाजवून तिनं हात मांडीवर घेतले.

बाईंनी मांडीवरचा फोन उचलला.

"बरोबर आलं ना?" केतकीनं विचारलं.

"कुठं चुकलं?"

"चुकलं?"

बाईंनी आपला फोन तिच्यापुढं धरला. त्यांनी आवाज भरून घेतला होता. केतकीनं ऐकलं. दुसऱ्या ओळीपासून ते गाणंच नव्हतं. बोटं वाट्टेल तिथं पडत होती, एखादं पोर पियानोवर चढून खेळावं तशी. दुसऱ्या कुणी असं वाजवलं असतं तर ती कान झाकून उठली असती. कान शाबूत होते. फक्त स्वतःचे हात चालू असेपर्यंत ते कामाचे नव्हते.

"बाई," ती म्हणाली. "मला शिकवा. बाहीशिवाय. पहिल्यापासून."

"शिकून काय होईल?"

"चुकले की तुम्ही थांबवाल. हजारदा थांबवाल. कधीतरी आतून पुन्हा काहीतरी उठेल."

"उठेलच असं मी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "मी मास्तरीण आहे, डॉक्टर नव्हे. बसेन मात्र तुमच्या शेजारी, रोज बसेन. पण आधी वॉर्डात जाऊन हे सांगून या. इथं चुका शोधायच्या आणि तिथं झाकायच्या, असं दोन्हीकडं चालायचं नाही माझ्याकडं."

सोमवारी प्रशिक्षणाच्या खोलीत सलगरे यंत्रं मांडून तयारच होते. तरतरीत माणूस, अगदी नम्र. कोरे मॅडम होत्या, नसीम होती. केतकी दारातच म्हणाली, "माझा हात भरू नका. तो बिघडलाय."

तिनं सगळं सांगितलं. सलगरेंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पडद्यावर एक सरळ रेघ दाखवली. "मॅडम, हे तुमचे आकडे. असा हात आम्हाला कुठंच मिळाला नाही. अडखळच नाही."

"अहो, तेच तर सांगतेय मी."

"एका बाळाला सूज आली म्हणून एवढं मनाला लावून घेतलंस?" कोरे मॅडम म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांच्याच हातून झालंय ते. घाबरलीस तू, केतकी. तो रबरी हात घे आणि कर बघू."

रबरी हातावर तिनं वर्षानुवर्षं नव्या पोरींना शिकवलं होतं. त्याची शीर कधी हलत नाही, कधी दगा देत नाही. सुई बरोबर लागली. सलगरेंनी मॅडमकडं बघून स्मित केलं.

तेव्हा नसीमनं आपल्या युनिफॉर्मची बाही वर सारली आणि टेबलावर आपला हात ठेवला. "माझ्या हातावर करा, ताई. रक्त द्यायला गेले की मला परत पाठवतात, माझी शीर कुणाला सापडत नाही. इथं बघू द्या यांना."

"नको गं."

"करा. नुसतं सलाईनच आहे."

केतकीनं पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई लावली. हात अगदी स्थिर होता. तिनं पिचकारी ढकलली आणि तिला हायसं वाटलं. किती दिवसांनी असं वाटत होतं. सगळं जागच्या जागी होतं, काही म्हणता काही बिनसलेलं नव्हतं. तिनं मान वर केली.

"लागली," ती मॅडमना म्हणाली. "खरंच लागली हो. मीच उगीच मनाला लावून घेतलं असेल. आता बरी आहे मी, बघा ना."

सलगरेंचं स्मित तसंच राहून गेलं होतं, पण त्यातला जीव गेला होता. कोरे मॅडमनी तोंडावर हात घेतला होता. त्या केतकीकडं बघत नव्हत्या, खाली टेबलाकडं बघत होत्या.

"काय झालं?" केतकी म्हणाली आणि ढकलत राहिली.

"सोड, केतकी," मॅडम ओरडल्या. "सोड तो हात."

तिनं खाली बघितलं. नसीमच्या दंडाखाली लिंबाएवढी गाठ वर आली होती. नसीमनं ओठ दातांखाली धरले होते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सुरुवातीपासूनच दुखत असणार. सगळ्यांना दिसावं म्हणून ती गप्प राहिली होती.

हात भरायचं त्या दिवशी रद्द झालं. सलगरेंनी यंत्रं आवरली, जाताना म्हणाले, पलीकडच्या तालुक्यात एक इस्पितळ तयार आहे, तिथं बघू. केतकीची नोकरी गेली नाही. सुई तेवढी गेली. आता ती बाळांचं वजन करते, आयांना दूध पाजायला शिकवते, आणि जे करेल ते कुणाला तरी शेजारी उभं करून करते. नसीम बोलते तिच्याशी पूर्वीसारखीच. केतकीलाच तिच्या हाताकडं बघवत नाही. अभिनंदननं दुकानातल्या बाह्या परत पाठवल्या. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊन घेतात.

आढावबाईंकडं ती रोज दुपारी जाते. पहिल्या इयत्तेचं पुस्तक, पान पहिलं. बाई म्हणतात, थांबा. विचारतात, कुठं चुकलं? ती म्हणते, माहीत नाही. मग दोघी भरून घेतलेलं ऐकतात, ती चूक शोधते, पुन्हा वाजवते. आतून अजून काही उठलेलं नाही. कधीकधी तिला वाटतं उठलं, आणि मग कळतं ती नुसती भीती होती. बरोबर सुरावरही ती तशीच उठते.

परवा पानाच्या मध्यापर्यंत ती वाजवत गेली. तिथून शेवटापर्यंत गेली. बाईंनी एकदाही थांबवलं नाही. पहिल्यांदाच अख्खं पान. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शेवटापर्यंत गेली, तरी थांबा नाही. हसू आवरत तिनं मान वळवली.

बाईंची हनुवटी छातीवर टेकली होती. चष्मा नाकावर घसरला होता. दुपारचं ऊन, वय झालेलं, डोळा लागला होता. कधी लागला, पहिल्या ओळीला की पान संपल्यावर, हे कळायला काही मार्ग नव्हता. आणि आज आवाजही भरून घेतलेला नव्हता.

केतकीनं हात पट्ट्यांवरून उचलले. बाईंना उठवावंसं वाटेना आणि त्या उठेपर्यंत वाजवायची छाती होईना. खिडकीखालून गाड्या जात होत्या, एकामागून एक, वेगात. ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली.